एकपानी व्यंजनतक्ता: आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीच्या कोष्टकाचे परीक्षण

इंटरनॅशनल फोनेटिक असोसिएशन ही संस्था आपल्या ध्वनिलिपीचा जो एकपानी तक्ता प्रसिद्ध करते, त्याच्या वरच्या भागातील व्यंजनांच्या कोष्टकाचे हे परीक्षण आहे. तक्ता संस्थेच्या संकेतस्थळावरून विनामूल्य डाउनलोड करता येतो, क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्यामुळे श्रेय देऊन त्याच्या प्रती वाटता येतात, आणि मी समोर ठेवलेली आवृत्ती २०२० सालची आहे. कोशकार, वाचा-उपचारतज्ज्ञ, गायनाचे शिक्षक, परभाषेचे विद्यार्थी असे नाना प्रकारचे लोक हा तक्ता वापरतात आणि प्रत्येकाची त्याच्याकडून अपेक्षा वेगळी असते. माझी अपेक्षा मर्यादित आहे. व्यंजन तोंडात कोणत्या रीतीने निर्माण होते, म्हणजे आपल्या व्याकरणाच्या भाषेत त्यामागचा प्रयत्न कोणता, या एका निकषावर होणारे वर्गीकरण समजून घ्यायचे असेल, तर हे कोष्टक कितपत कामास येते, एवढेच मला पाहायचे आहे. पहिली ओळख करून देण्याच्या कामी याच्याइतके नेटके साधन माझ्या पाहण्यात नाही. परंतु प्रयत्नाची जी एक सरळ यादी ते मांडते, ती खरे म्हणजे तीन-चार निरनिराळ्या प्रश्नांच्या उत्तरांची सरमिसळ आहे, आणि ही गोष्ट कोष्टक स्वतः कोठेही सांगत नाही.

रचना अशी आहे. वरच्या बाजूला ओठांपासून स्वरयंत्रापर्यंत उच्चारस्थानांचे अकरा रकाने आहेत आणि डाव्या बाजूला प्रयत्नाच्या आठ ओळी आहेत: स्फोटक, अनुनासिक, कंपित, ताडित, घर्षक, पार्श्विक (म्हणजे हवा जिभेच्या बाजूंनी सोडणारा) घर्षक, अप्रॉक्सिमंट (म्हणजे घर्षण होईल इतकी वाट अरुंद न करणारा ध्वनी) आणि पार्श्विक अप्रॉक्सिमंट. एका घरात दोन चिन्हे असली तर डावीकडचे अघोष (स्वरतंतू कंप न पावता होणारे) आणि उजवीकडचे सघोष (ते कंप पावत असताना होणारे) समजावयाचे. काही घरे रिकामी पण पांढरी आहेत, काही करड्या रंगाने भरलेली आहेत, आणि सगळी मिळून ५९ चिन्हे या एका कोष्टकात बसवली आहेत. स्थान, प्रयत्न आणि घोष या तीन गोष्टी सांगितल्या की बहुतेक व्यंजन निश्चित होते, ही कल्पना एका दृष्टिक्षेपात पोचवण्याचे काम ही मांडणी चोख करते.

मराठी वाचक या कोष्टकाकडे कोर्‍या मनाने येत नाही, कारण त्याने लहानपणीच एक कोष्टक पाठ केलेले असते. क पासून म पर्यंतच्या पंचवीस वर्णांची पाच गुणिले पाच अशी आखणी स्थान, घोष, प्राण आणि अनुनासिकत्व या चार गोष्टी इतक्या सफाईने हाताळते, की तिच्यापुढे रोमन वर्णमालेचा क्रम निव्वळ योगायोग वाटतो. पण म संपला की शिस्त सुटते. य, र, ल, व, श, ष, स, ह, ळ हे वर्ण एका रांगेत उभे केले जातात आणि त्यांच्यात काय फरक आहे हे वर्णमाला सांगत नाही. वेदांच्या उच्चारांचे नियम सांगणार्‍या जुन्या शिक्षाग्रंथांना आणि प्रातिशाख्यांना हा फरक अज्ञात होता असे मुळीच नाही. आभ्यंतर प्रयत्नाचे स्पृष्ट, ईषत्स्पृष्ट, विवृत असे टप्पे त्या परंपरेने मोजले, आणि घोष व प्राण यांना बाह्य प्रयत्न म्हणून वेगळे काढले. शालेय वर्णमालेत मात्र त्या विचाराचे स्पर्श, अंतःस्थ आणि ऊष्म हे तीन गठ्ठे तेवढे उतरले.

आंतरराष्ट्रीय कोष्टकाचा खरा लाभ होतो तो याच रांगेपाशी. य, र, ल, व या चौघांना आपण अंतःस्थ म्हणून एकत्र ओळखतो, पण कोष्टकात ते तीन निरनिराळ्या ओळींत जाऊन बसतात. य उच्चारताना जीभ कठोरतालूच्या जवळ जाते आणि घर्षण होण्याच्या आत थांबते; व उच्चारताना खालचा ओठ वरच्या दातांच्या जवळ तसाच जाऊन थांबतो; म्हणून ही दोन्ही अप्रॉक्सिमंट. ल उच्चारताना जिभेचे टोक मध्यभागी वाट पूर्ण अडवते, परंतु तिच्या कडा खाली असल्यामुळे हवा बाजूंनी निसटते. र ला तर अडवून धरणे ठाऊकच नाही. जिभेचे टोक दंतमुळांवर, म्हणजे वरच्या दातांमागच्या उंचवट्यावर, आपटते आणि सुटते. जे चार वर्ण आपण एका दमात म्हणतो, त्यांच्या पाठीमागे एवढी निरनिराळी कारागिरी आहे हे एका पानावर दिसणे, ही माझ्या मते या साधनाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

स्फोटकांची ओळ सर्वांत वर आहे आणि ती सर्वांत सोपी वाटते. तोंडातील वाट कोठेतरी पूर्ण बंद होते, तिच्यामागे हवेचा दाब वाढतो आणि बंध सुटताच हवा बाहेर पडते. या तीन पायर्‍यांपैकी मधल्या पायरीवर अघोष ध्वनीत पूर्ण शांतता असते. प, त, क यांच्यातला भेद कानाला कळतो तो बंध सुटतानाच्या स्फोटावरून आणि आजूबाजूच्या स्वरांना बसलेल्या वळणावरून. सघोष स्फोटकाची गोष्ट अधिक रंजक आहे. स्वरतंतू कंप पावत राहण्यासाठी त्यांच्यामधून हवा सतत वर वाहायला हवी, आणि वरची वाट तर बंद आहे. ब उच्चारताना बंध ओठांशी असल्यामुळे मागे बरीच मोकळी जागा असते, गालही थोडे फुगू शकतात, म्हणून हवेला काही काळ वाव मिळतो. ग उच्चारताना बंध मृदुतालूशी असतो, मागची पोकळी लहान असते, ती लवकर भरते आणि घोष टिकवणे अवघड होते. जगातील भाषांत स्फोटकांच्या संचातून एखादा ध्वनी गळालेला असला तर तो पुष्कळदा अघोषांतला प किंवा सघोषांतला ग असतो; त्यांपैकी ग गळण्याचे एक कारण हे आहे. प्रमाण अरबीत प नाही. डच भाषेच्या मूळ शब्दांत ब आणि ड आहेत पण ग नाही. कोष्टकात मात्र ब आणि ग यांची घरे सारख्याच मापाची आहेत, आणि एकाचा उच्चार दुसर्‍यापेक्षा कष्टाचा आहे याचा कोणताही संकेत तेथे नाही. शक्य काय आणि अशक्य काय एवढेच ते सांगते. सोपे आणि अवघड यांची दखल घेत नाही. एका पानाच्या तक्त्याकडून त्याहून अधिक मागणे रास्तही नाही.

घर्षकांच्या ओळीविषयी मात्र माझी तक्रार गंभीर आहे. ही ओळ सर्वांत भरगच्च आहे. ५९ पैकी २२ चिन्हे एकट्या तिच्यात आहेत. घर्षक निर्माण होतो तो वाट बंद न करता इतकी अरुंद केल्यामुळे, की तिच्यातून जाणारी हवा खळबळते आणि सळसळ ऐकू येते. पण सगळे घर्षक एका जातीचे नसतात. स आणि श उच्चारताना जिभेच्या मध्यावर पन्हळीसारखा खोलगट मार्ग होतो, त्यातून निघालेला हवेचा झोत दातांच्या कडेवर आदळतो आणि त्यामुळे आवाज तीव्र होतो. इंग्रजी एफ किंवा टीएच यांच्या उच्चारात असा झोत दातांच्या कडेवर आदळत नाही, म्हणून ते क्षीण राहतात. स ची बहुतेक ऊर्जा साधारण ४००० हर्ट्झच्या वर असते आणि श ची त्याहून बरीच खालपासून सुरू होते. जुन्या दूरध्वनीची कंप्रतामर्यादा ३०० ते ३४०० हर्ट्झ होती, त्यामुळे त्यावर स आणि एफ यांची गल्लत होत असे आणि लोकांना नावांतील अक्षरे फोडून सांगावी लागत. हा जो शीत्कारी आणि साध्या घर्षकांतला भेद आहे, तो हवा कशी सोडली यातला भेद आहे, म्हणजे प्रयत्नाचा भेद आहे. कोष्टकाने त्याला स्वतंत्र ओळ दिलेली नाही. दंत्य, दंतमूलीय आणि पश्चदंतमूलीय असे तीन रकाने केवळ या एका ओळीपुरते रेषा मारून वेगळे केले आहेत आणि जो फरक जिभेच्या आकाराचा आहे तो जागेचा फरक म्हणून दाखवला आहे. आपल्या परंपरेने श, ष, स यांना ऊष्म या नावाखाली एकत्र ठेवले ते या बाबतीत अधिक समजूतदारपणाचे होते, जरी तिने त्यांच्याच पंक्तीला ह लाही बसवले.

ह ची अडचण दोन्हीकडे सारखीच आहे. कोष्टकात तो घर्षकांच्या ओळीत, स्वरयंत्राच्या रकान्यात आहे, आणि त्याला तेथे ठेवण्याविषयी ध्वनिविज्ञानातच मतभेद आहेत. पुष्कळ भाषांत ह उच्चारताना तोंडात कोठेही विशेष अडथळा नसतो. पुढच्या स्वरासाठी तोंड तयार असते आणि स्वरतंतू तेवढे सैल सोडलेले असतात. मराठीतील दोन स्वरांमधला ह तर सघोषच असतो, हे ‘पाहा’ किंवा ‘नाही’ हे शब्द गळ्यावर बोट ठेवून म्हटले तर कळते. म्हणजे ही स्वरतंतूंची एक अवस्था आहे, आणि केवळ कोठेतरी ठेवायला हवी म्हणून ती घर्षकांच्या ओळीत ठेवली आहे.

कंपित आणि ताडित या दोन ओळी शेजारी शेजारी असणे मला पटते, कारण त्यांच्यातला भेद बहुतेकांच्या लक्षात येत नाही आणि शेजारामुळे तो विचारावासा वाटतो. कंपित र मध्ये जिभेचे टोक स्नायूंनी हलवलेले नसते. ते योग्य ताणाने दंतमुळांशी धरलेले असते आणि वाहत्या हवेने ते सेकंदाला सुमारे २५ ते ३० वेळा या गतीने फडफडते. प्रत्यक्ष बोलण्यात दोन-तीन आघात झाले की ध्वनी पुरा होतो. ताडित र मध्ये हवेचे असे काम नसते. स्नायू जिभेला एकदाच वर झटकतो आणि ती परत येते. कंप आणि आघात यांच्यातला हा फरक स्पॅनिश भाषेत अर्थ बदलतो, कारण ‘पेरो’ या शब्दातील र एकदा आपटला तर ‘पण’ आणि फडफडला तर ‘कुत्रा’ असा अर्थ होतो. मराठीत हे दोन्ही र आपण सोयीप्रमाणे वापरतो आणि अर्थ ढळत नाही.

याच ताडित ओळीत मूर्धन्य रकान्यात एक घर भरलेले आहे, आणि ते मराठी माणसाच्या तोंडात रोज असते. ‘घोडा’ आणि ‘वाडा’ यांतील ड हा ‘डबा’ मधील ड सारखा नसतो. जीभ मागे वळते आणि परत सपाट होता होता टाळूला ओझरता फटका मारते. लिपी दोन्ही ठिकाणी एकच अक्षर देते, म्हणून आपल्याला हा फरक जाणवत नाही. ‘आणा’, ‘पाणी’ यांतील ण चेही पुष्कळदा असेच होते. ळ ला कोष्टकात पार्श्विक अप्रॉक्सिमंटच्या ओळीत मूर्धन्य घर मिळाले आहे आणि संथपणे म्हटलेल्या ‘काळ’ या शब्दासाठी ते योग्यच आहे. परंतु भराभर बोलताना, विशेषतः दोन स्वरांच्या मध्ये, ळ मध्येही ओझरता फटका येतो, म्हणजे तो एकाच वेळी पार्श्विकही असतो आणि ताडितही. अशा ध्वनीसाठी कोष्टकात ओळ नाही. दंतमूलीय पार्श्विक ताडितासाठी एक चिन्ह आहे, पण ते मुख्य कोष्टकाच्या बाहेर, ‘इतर चिन्हे’ या छोट्या यादीत टाकले आहे.

येथेच कोष्टकाचा मूळ दोष उघड होतो. प्रयत्नाच्या आठ ओळी या एकाच मापपट्टीवरच्या आठ खुणा नाहीत. अडथळा किती घट्ट आहे, हा एक प्रश्न. त्याची उत्तरे पूर्ण बंद, घर्षणाइतका अरुंद आणि घर्षणरहित मोकळा अशी. हवा तोंडातून जाते की नाकातून, हा दुसरा प्रश्न. ती जिभेच्या मधून जाते की बाजूंनी, हा तिसरा. अडथळा धरून ठेवला आहे, एकदाच झटकला आहे, की वारंवार होतो आहे, हा चौथा. हे चारही प्रश्न बर्‍याच प्रमाणात एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. अनुनासिकांची ओळ पाहा. म आणि ब यांच्यासाठी ओठ अगदी सारखेच मिटतात. म साठी मृदुतालू खाली उतरून नाकाची वाट उघडी ठेवतो, एवढाच काय तो फरक. सर्दीने नाक चोंदलेल्या माणसाचा ‘मामा’ हा ‘बाबा’ कडे झुकतो त्याचे कारण हेच आहे. अडथळ्याच्या घट्टपणाच्या दृष्टीने म हा स्पर्शच आहे, आणि आपल्या वर्णमालेने ङ, ञ, ण, न, म यांना प्रत्येक वर्गाचे पाचवे घर देऊन त्यांना स्पर्शांतच ठेवले आहे. आंतरराष्ट्रीय कोष्टकाने दुसर्‍या प्रश्नाचे उत्तर पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांच्या रांगेत बसवले. पार्श्विकतेचे तर त्याने दोन तुकडे केले: घर्षक पार्श्विकांची एक ओळ, जिच्यात वेल्श आणि झुलू भाषांत आढळणारा ल सारखा पण सळसळणारा ध्वनी आहे, आणि साध्या ल ची दुसरी ओळ. तिसरा तुकडा, म्हणजे ताडित पार्श्विक, मात्र तळाच्या यादीत गेला.

मराठी वाचकाला सर्वांत मोठा धक्का बसतो तो च-वर्गापाशी. मुख्य कोष्टकात च नाही, छ नाही, ज नाही, झ नाही. तालव्य स्फोटकाच्या घरात रोमन सी हे अक्षर दिसते आणि तोच आपला च असावा असे वाटते. परंतु ते चिन्ह बंध झटकन सुटणार्‍या शुद्ध स्फोटकाचे आहे, ज्याच्या जवळचा ध्वनी हंगेरियन भाषेत ऐकू येतो. आपला च हा स्पर्शघर्षक आहे. त्याची सुरुवात पूर्ण बंदाने होते आणि तो बंद एकदम न सुटता हळूहळू सैल होत घर्षणातून जातो. अशा ध्वनींसाठी या कोष्टकात ओळच ठेवलेली नाही. स्फोटकाचे आणि घर्षकाचे अशी दोन चिन्हे लिहून त्यांच्यावर कमानीसारखी जोडरेघ द्यावी, एवढी सूचना ‘इतर चिन्हे’ या भागात आहे. पूर्वी यांपैकी काही ध्वनींसाठी जोडाक्षरासारखी एकसंध चिन्हे मान्य होती, ती १९८९ च्या कील येथील परिषदेनंतर अधिकृत लिपीतून गेली.

या निर्णयाच्या बाजूने बोलायचे तर जोडरेघेला खरोखर काम आहे. पोलिश भाषेत ट नंतर श सारखा स्वतंत्र घर्षक आला तर ‘तीन’ असा अर्थ होतो आणि दोन्ही मिळून एकच स्पर्शघर्षक झाला तर प्रश्नार्थक ‘का’ असा. तेथे जोडरेघ असणे आणि नसणे यातून हा फरक थेट लिहिता येतो. असे असले तरी जगातील असंख्य भाषांत आढळणारा एक पूर्ण प्रयत्नप्रकार शिकाऊ वाचकाच्या नजरेआड जातो, ही किंमत मला जास्त वाटते. मराठीला तर स्पर्शघर्षकांच्या दोन जाती लागतात. ‘चिमणी’ चा च तालव्य आहे आणि ‘चमचा’ चा दंतमूलीय, म्हणजे त्स च्या जवळचा. ‘जग’ हा शब्द विश्व या अर्थी एका ज ने उच्चारला जातो आणि ‘शंभर वर्षे जग’ असा आशीर्वाद देताना दुसर्‍या. लिपी हा भेद दाखवत नाही आणि ध्वनिलिपीत तो उत्तम दाखवता येतो; फक्त तो दाखवण्याची किल्ली कोष्टकात नसून पानाच्या कोपर्‍यात आहे.

महाप्राणांची कथा याहून थोडक्यात सांगता येईल. ख, थ, फ यांना स्वतंत्र घरे नाहीत. अल्पप्राणाच्या चिन्हाला वर छोटा एच जोडला की काम भागते. घ, ध, भ यांत मात्र घोषानंतर नुसता श्वास सुटत नाही, तर स्वरतंतू सैलपणे कंप पावत राहतात, आणि त्यासाठी अक्षराखाली दोन टिंबे देण्याची सोय आहे. हीच टिंबे ‘म्हैस’, ‘उन्हाळा’, ‘कोल्हा’ यांतील म्ह, न्ह, ल्ह यांनाही लावता येतात आणि हे जोडाक्षर नसून एकच श्वासयुक्त ध्वनी आहे असे मानणार्‍या अभ्यासकाला आपले म्हणणे स्पष्ट लिहिता येते. फ विषयी तर कोष्टक एक वाद मिटवू शकते: ज्यांच्या तोंडी ‘फळ’ ओठ मिटून सुरू होते त्यांचा फ स्फोटकांच्या ओळीत आणि ज्यांचा खालचा ओठ दातांना लागतो त्यांचा घर्षकांच्या ओळीत. दोघांनीही आपापली ओळ ओळखावी आणि पुढे जावे.

करड्या घरांकडे बहुतेक वाचक दुर्लक्ष करतात, पण मला तो या तक्त्याचा सर्वांत बुद्धिमान भाग वाटतो. करडा रंग म्हणजे मानवी मुखाला असा उच्चार शक्य नाही, असे संस्थेचे मत. प्रत्येक करड्या घरामागे एक छोटे प्रमेय आहे आणि ते स्वतः सोडवता येते. स्वरयंत्राच्या जागी सघोष स्फोटक का नाही? कारण स्वरतंतू पूर्ण मिटलेले असतील तर ते कंप पावू शकत नाहीत. घशातील अनुनासिक का नाही? कारण नाकाची वाट घशाच्या वर सुरू होते आणि तिच्याखालीच हवा अडवली तर नाकापर्यंत ती पोचणारच नाही. मृदुतालूशी कंपित का नाही? कारण जिभेचा मागचा भाग जड आहे, हवेने फडफडण्याइतका हलका नाही. पांढरी रिकामी घरे याउलट आहेत: उच्चार शक्य आहे, पण चिन्ह दिलेले नाही. २००५ साली असेच एक घर भरले गेले, जेव्हा मध्य आफ्रिकेतील काही भाषांत आढळणार्‍या दंत्योष्ठ्य ताडिताला, म्हणजे खालचा ओठ आत ओढून वरच्या दातांवरून झटकण्याने होणार्‍या ध्वनीला, चिन्ह मिळाले.

मुख्य कोष्टकाच्या खालची चौकट फुप्फुसांच्या हवेवर न चालणार्‍या व्यंजनांची आहे: झुलू आणि खोसा भाषांतील क्लिक, सिंधीतील अंतःस्फोटक, जॉर्जियन आणि अम्हारिक भाषांतील कंठद्वार मिटून केलेले स्फोटक. नापसंती दाखवताना आपण जो ‘च्च’ असा आवाज करतो तो क्लिकच आहे, फक्त आपण त्याला शब्दांत स्थान दिलेले नाही. ही चौकट संक्षिप्त आहे आणि तिने तशीच राहावे.

संस्थेच्या संकेतस्थळावर याच तक्त्याची ध्वनिमुद्रणांसह आवृत्तीही आहे, ज्यात चिन्हावर टिचकी मारली की प्रशिक्षित ध्वनिवैज्ञानिकाचा उच्चार ऐकू येतो. छापील तक्त्यापेक्षा मी तिचीच शिफारस करीन, एक अट घालून: ही मुद्रणे सावकाश आणि ठसठशीत उच्चारांची आहेत, रोजच्या बोलण्यातील ध्वनी यांच्यापेक्षा बराच पुसट असतो. ऐकायला सुरुवात मात्र डावीकडून उजवीकडे करू नये. दंतमूलीय रकाना निवडावा आणि वरून खाली उतरावे, कारण आठही ओळींत ज्याचे घर भरलेले आहे असा तो एकमेव रकाना आहे. जिभेचे टोक जवळजवळ एकाच जागी राहते. ती जागा घट्ट अडवली की इंग्रजी टी आणि डी, नाक उघडले की न, टोक हवेवर सोडले की फडफडणारा र, एकदाच झटकले की साधा र, फट ठेवली की स, कडा सोडून घर्षण केले की वेल्श ल, नुसतेच जवळ नेऊन थांबले की इंग्रजी आर, आणि घर्षणाशिवाय कडा सोडल्या की आपला नेहमीचा ल.